मुक्याचे निरूपण

आमच्या घरी माघ महिन्यातल्या एकादशीला कीर्तन होते. आजोबांनी सुरू केलेला हा प्रघात वडिलांनी आजवर मोडू दिलेला नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या, बुवा येऊन बसले होते, टाळकरी टाळ जुळवीत होते आणि माझी धाकटी बहीण नेहमीप्रमाणे अगदी पुढे, बुवांच्या पायांशी जाऊन बसली होती. धाकटी तीन वर्षांची असताना मेंदूज्वराने आजारी पडली. ती वाचली, पण तिचे ऐकणे गेले. आणि नुकते फुटू लागलेले बोलणेही हळूहळू विरून गेले. त्या संध्याकाळी शेजारच्या एका काकूंनी, अगदी चांगल्या भावनेने, मला खुणावले. हिला काय कळणार? पुढची जागा एखाद्या म्हाताऱ्या माणसाला होईल, हिला आत प्रसादाची पाने लावायला पाठव, असा त्यांचा सांगावा. मला ते पटले. मीच तिचा हात धरून तिला उठवले. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि ती निमूटपणे आत गेली. योगायोग असा, की बुवांचा त्या दिवशीचा विषय नवविधा भक्ती हा होता. नऊ भक्तींत पहिली भक्ती श्रवण. ज्याने ऐकले त्याला पुढचा मार्ग खुला झाला, असे बुवा रंगून सांगत होते. मी मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत बसले होते. ज्याला ऐकूच येत नाही त्याची पहिली पायरी कोणती, हा प्रश्न त्या रात्री माझ्या मनात रुतला तो रुतलाच.

गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी सोळाव्या शतकातील स्पेनबद्दल वाचत होते. राजा दुसरा फिलिप, त्याची आरमारे, त्याचे कर्ज, त्याच्या धर्मयुद्धांच्या हकिकती अशी टिपणे काढता काढता त्याच्या दरबारातील एका चित्रकाराचे नाव पुढे आले. नाव म्हणण्यापेक्षा टोपणनाव म्हणावे. सगळे ग्रंथ त्याला एल मुदो म्हणतात. एल मुदो म्हणजे मुका. आमच्या आळीतही धाकटीचे खरे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. ते टोपणनाव वाचून मी थबकले, टिपणे बाजूला ठेवली आणि या माणसाचा माग काढू लागले. जे हाती लागले ते आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

त्याचे खरे नाव हुआन फर्नांदेस दे नाव्हारेते. उत्तर स्पेनमध्ये एब्रो नदीच्या काठी लोग्रोन्यो नावाचे शहर आहे, तेथला त्याचा जन्म. जुने ग्रंथकार जन्मवर्ष १५२६ देतात. अलीकडचे अभ्यासक ते १५३८ च्या सुमारास नेतात. घर खाऊनपिऊन सुखी होते. मुलगा तीन वर्षांचा होतो न होतो तोच आजारपणात त्याची श्रवणशक्ती गेली, आणि कानांबरोबर वाचाही गेली. काय हवे ते सांगण्यासाठी हा मुलगा कोळसा घेई आणि ती वस्तू भिंतीवर किंवा जमिनीवर काढून दाखवी, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याची चित्रकला अशी गरजेतून आलेली. इतर मुले शब्दांनी भाकर मागतात. या मुलाला भाकर काढून दाखवावी लागे, आणि ती ओळखू येईल अशी काढावी लागे.

त्या काळी बहिऱ्या मुलाचे जिणे काय असे, हे समजून घेतल्याशिवाय नाव्हारेतेचे मोल कळत नाही. युरोपातील कायदा रोमन परंपरेचा. जन्मतः बहिरा आणि मुका असलेल्याला त्या कायद्याने मृत्युपत्र करता येत नसे. जो लिहू शकेल त्याला मात्र सवलत होती. धर्माची बाजू याहून बिकट होती. श्रद्धा ऐकण्याने येते, अशा अर्थाचे एक वचन संत पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. त्याचा आधार घेऊन, बहिरेपण हे श्रद्धेच्या वाटेतला अडथळा आहे असे संत ऑगस्टिनसारख्या थोर पुरुषानेही लिहून ठेवले होते. पुढे शेकडो वर्षे सामान्य धर्मोपदेशकांनी त्याचा सरळ अर्थ घेतला, की बहिऱ्याला देव कळणे कठीण. वाचता वाचता मला आमचे अंगण आठवले. देश निराळा, धर्म निराळा, चार शतकांचे अंतर. पण काकूंचा प्रश्न आणि त्या पंडितांचा प्रश्न एकच होता.

तथापि त्याच काळात, त्याच स्पेनमध्ये, याच प्रश्नाला निराळे उत्तर देणारी माणसेही होती, आणि नवल असे की ती मठांतच होती. बुर्गोसजवळच्या ओन्या येथील बेनेडिक्टाइन मठात पेद्रो पोन्से दे लेओन नावाचा साधू राहत असे. वेलास्को या सरदार घराण्यातील बहिऱ्या मुलांना त्याने लिहायला, वाचायला आणि बोलायलाही शिकवले. बहिऱ्यांचा पहिला शिक्षक म्हणून जग आज त्याचे नाव घेते. साधूंच्या मठांत मौनाचे प्रहर ठरलेले असत आणि त्या वेळी हातांच्या खुणांनी व्यवहार चाले. हाताने बोलता येते आणि त्यात कमीपणा काही नाही, हे ज्यांनी रोज अनुभवले होते त्यांना बहिरे मूल बुद्धिहीन वाटले नाही, यात मला तरी मोठे तथ्य दिसते.

नाव्हारेतेच्या वाट्यालाही असाच एक मठ आला. लोग्रोन्योपासून फार दूर नाही अशा ला एस्त्रेया या ठिकाणी संत जेरोमच्या पंथाचे साधू राहत. त्यांच्यात फ्राय व्हिसेन्ते दे सांतो दोमिंगो नावाचा एक साधू चित्रकलेचा जाणकार होता. वडिलांनी मुलाला त्याच्या हाती सोपवले. गुरू मोठा कलावंत नव्हता, पण त्याच्याकडे मोठ्या कलावंतालाही क्वचितच असणारा एक गुण होता: शिष्य आपल्यापुढे जाणार हे त्याने वेळीच ओळखले. या मुलाला इटलीत पाठवा, असा सल्ला त्यानेच आईवडिलांना दिला. मुलगा तोपर्यंत लिहायवाचायला शिकला होता. बायबलातील कथा, संतांची चरित्रे आणि इतिहास यांत त्याची गती चांगली होती. पुढे दरबारात तो खुणांनी इतक्या स्पष्टपणे बोले की सांगणाऱ्यांना त्याचे कौतुक वाटे. पत्त्यांचा डावही तो मांडून बसे.

इटलीत त्याने रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, नेपल्स अशी भ्रमंती केली. जुने लेखक त्याला थोर व्हेनिशियन चित्रकार टिशियन याचा प्रत्यक्ष शिष्य मानतात. नवे अभ्यासक याबाबत साशंक आहेत. शिष्यत्व खरे असो वा नसो, टिशियनचे रंग मात्र त्याने डोळ्यांनी पिऊन घेतले यात शंका नाही. ऐन उमेदीची वर्षे त्याने परदेशात, परक्या भाषेच्या मुलखात काढली. पण माझ्या मनात येते, की परकी भाषा ही अडचण इतरांची. ज्याला घरची भाषाही ऐकू येत नव्हती त्याला लोग्रोन्यो काय आणि व्हेनिस काय. कदाचित व्हेनिसमध्ये तो इतर परदेशी विद्यार्थ्यांपेक्षा अधिक मोकळा असेल.

इकडे स्पेनमध्ये १५६३ च्या एप्रिलमध्ये माद्रिदच्या वायव्येला डोंगरपायथ्याशी एका अवाढव्य इमारतीची कोनशिला बसली. तिचे नाव एस्कोरिअल. मठ, चर्च, राजवाडा, ग्रंथालय आणि राजघराण्याची दफनभूमी हे सारे एकाच दगडी चौकात बांधायचे, अशी फिलिपची योजना होती. काम १५८४ पर्यंत चालले. हा मठ संत जेरोमच्या पंथालाच दिला होता, म्हणजे नाव्हारेतेच्या गुरूच्याच पंथाला. त्याच १५६३ च्या डिसेंबरात ट्रेंट येथील धर्मपरिषदेने आपल्या अखेरच्या बैठकीत धर्मचित्रांविषयी निर्णय दिला. उत्तर युरोपात प्रोटेस्टंट सुधारक चर्चमधील चित्रे आणि मूर्ती फोडीत होते. त्याला उत्तर म्हणून परिषदेने सांगितले, की चित्रे ठेवावीत, त्यांतून लोकांना धर्मकथा शिकवाव्यात, श्रद्धा दृढ करावी, आणि त्यांत अशोभनीय असे काही येऊ देऊ नये. थोडक्यात, चित्रकाराला प्रचारकाचे काम दिले गेले. ज्याला अक्षर येत नाही त्याला भिंतीने शिकवायचे होते. आपल्याकडे चित्रकथी पोथीतली चित्रे दाखवीत कथा सांगत गावोगाव हिंडत, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

या कामासाठी राजाला चित्रकार हवे होते. नाव्हारेते परत आला तो ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याचे एक छोटे चित्र घेऊन. उंचीला जेमतेम दोन वीत असलेले हे चित्र आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. ६ मार्च १५६८ रोजी राजाने त्याला आपला चित्रकार नेमले. वर्षाला दोनशे डुकाट वेतन, आणि शिवाय प्रत्येक चित्राचा मोबदला निराळा. ज्याच्या देवावरच्या श्रद्धेविषयी पंडितांना शंका, त्यालाच देशातल्या सर्वांत मोठ्या देवालयाच्या वेदींसाठी चित्रे काढायला नेमले गेले. फिलिपबद्दल इतिहासात भलेबुरे पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेच बुरे खरेही आहे. पण हा एक निर्णय त्याच्या खाती जमेला धरला पाहिजे.

प्रकृतीने नाव्हारेतेला साथ कधीच दिली नाही. मध्यंतरी तो आजारी पडून राजाच्या परवानगीने लोग्रोन्योला गेला आणि तेथेच काम करीत राहिला. १५७१ मध्ये त्याने चार चित्रे आणून दिली. त्यांत मेरीच्या स्वर्गारोहणाच्या चित्रात मेरीला त्याने आपल्या आईचा चेहरा दिला होता, असे सांगतात. चित्र पुरे झाल्यावर ते त्याचे त्यालाच आवडेना. देवदूतांच्या गर्दीत मेरी कोंडल्यासारखी वाटते म्हणून तो ते पुसून टाकायला निघाला, पण राजाने पुसू दिले नाही. पुढे हे चित्र आगीत नष्ट झाले. त्याच चौकडीतले संत जेम्सच्या हौतात्म्याचे चित्र मात्र शिल्लक आहे. मारेकऱ्याची सुरी मानेवरून फिरते आहे आणि संताच्या चेहऱ्यावर जीव जातानाची फिकट छाया उतरते आहे. त्या मारेकऱ्याला चित्रकाराने आपल्या कोणा शत्रूचे तोंड दिले अशी दंतकथा आहे. ती खरी असेल तर मला ती ऐकून हसू येते. शिवी देण्याचा याहून टिकाऊ मार्ग कोणाला सुचला असेल?

१५७५ मध्ये आणखी चार चित्रे आली. त्यांतील ख्रिस्तजन्माचे चित्र जाणकारांना विशेष वाटते. रात्रीचा प्रसंग, आणि त्यात उजेड तीन ठिकाणांहून येतो: बाळाच्या अंगातून, योसेफाच्या हातातील मेणबत्तीतून आणि वरच्या देवदूतांच्या तेजातून. तिन्हींचे रंग निराळे, तिन्हींच्या सावल्या निराळ्या. पुढे एस्कोरिअलमध्ये काम करण्यास आलेला इटालियन चित्रकार पेलेग्रिनो तिबाल्दी या चित्रातले मेंढपाळ पाहून हरखून जाई, अशी नोंद आहे. या मेंढपाळांना शुभवार्ता देवदूतांच्या तोंडून कळली, असे बायबल सांगते. म्हणजे ती त्यांनी ऐकली. चित्रात मात्र ते ऐकत नाहीत, पाहत आहेत. हे चित्रकाराने मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही, कारण मेंढपाळांचे दर्शन हा चित्रकलेतला जुनाच विषय आहे. पण हा विषय त्याच्या हाताला जितका मानवला तितका थोड्यांच्या हाताला मानवला असेल.

त्याच चौकडीत पवित्र कुटुंबाचे एक चित्र आहे. मेरी, बाळ, योसेफ ही सारी गंभीर मंडळी. आणि खाली पुढच्या बाजूला एक तित्तिर पक्षी, आणि एका हाडकासाठी जुंपलेले कुत्रे आणि मांजर. मांजराचा पवित्रा इतका हुबेहूब, की पाहणाऱ्याचे लक्ष संतांवरून तिकडे जावे. आणि तसेच ते गेले असावे, कारण पुढच्याच वर्षीच्या करारात त्याचे पडसाद उमटले. २१ ऑगस्ट १५७६ रोजी चर्चच्या छोट्या वेदींसाठी संतांच्या जोड्यांची बत्तीस मोठी चित्रे काढण्याचा करार नाव्हारेतेशी झाला. एक संत दोन ठिकाणी आला तर त्याचा चेहरा आणि पोशाख सारखाच असावा; ज्या संताचे खरे व्यक्तिचित्र उपलब्ध असेल त्याबरहुकूम तो रंगवावा; आणि चित्रांत कुत्री, मांजरे किंवा कोणतीही अशोभनीय आकृती नसावी, सगळे काही भक्ती जागवणारे असावे, अशा त्याच्या अटी. ट्रेंटच्या निर्णयाची ही अंमलबजावणी होती. मांजराला चर्चबाहेर काढणारा असा करार कलेच्या इतिहासात दुसरा माझ्या वाचनात नाही.

त्याच वर्षीचे अब्राहाम आणि तीन देवदूत हे चित्र मठाच्या प्रवेशाशी, पाहुण्यांचे स्वागत होई तेथे लावण्यासाठी केले होते. त्याचे पाचशे डुकाट मिळाले. आज ते डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. तीन अनोळखी वाटसरू दाराशी येतात, अब्राहाम त्यांना वाकून आत बोलावतो, आणि ते देव असल्याचे मागाहून उमगते. आपल्याकडच्या अतिथी देव या भावनेची ही सख्खी बहीण. तिघांचे चेहरे एकसारखे रंगवून चित्रकाराने त्रिमूर्तीचे एकत्व सुचवले आहे. ही कथा ज्याने रंगवली त्याने ती वाचली होती, नुसती वाचली नव्हे तर तिचा धर्मशास्त्रीय अर्थ त्याला नीट ठाऊक होता. श्रद्धा ऐकण्यानेच येते असे म्हणणाऱ्यांनी या चित्रापुढे क्षणभर उभे राहावे.

आता त्याच्या आयुष्यातील मला सर्वांत आवडलेला प्रसंग सांगते. टिशियनचे शेवटचे भोजन हे मोठे चित्र १५७४ मध्ये एस्कोरिअलच्या भोजनगृहात लावायला आणले. टिशियनने त्यावर सात वर्षे घालवली होती. पण ते भिंतीवर मावेना. राजाने हुकूम सोडला, की चित्र कापून भिंतीच्या मापाचे करा. हे कळताच नाव्हारेते कासावीस झाला. त्याने राजापुढे खुणांनी गाऱ्हाणे मांडले: चित्र कापू नका, मी सहा महिन्यांत भिंतीच्या मापाची हुबेहूब नक्कल करून देतो, न जमले तर माझे डोके उडवा. आणि छातीवर क्रूसाची खूण करून त्याने सुचवले, की जमले तर मात्र मला सरदारकीचा क्रूस मिळावा! राजा थांबला नाही. चित्र कापले गेले, आणि कापलेल्या रूपातच ते आजही एस्कोरिअलमध्ये आहे. सबंध दरबारात बोलणारी, वक्तृत्वाचे धडे घेतलेली शेकडो माणसे होती. राजाच्या तोंडावर त्याच्या हुकमाविरुद्ध त्या दिवशी बोलला तो एकटा मुका.

करारातल्या बत्तीस चित्रांपैकी आठ पुरी झाली. पेत्र आणि पौल, मार्क आणि लूक अशा प्रेषितांच्या आणि शुभवर्तमानकारांच्या या जोड्या. दोन दोन उंच पुरुष, मागे मोकळा निसर्ग, अंगावर जाड वस्त्रांच्या घड्या, हातात आपापली खूण. यांत मांजर नाही. मात्र माणसे आहेत, जवळजवळ उभी राहिलेली, एकमेकांशी काही बोलत असावीत अशी. मी त्यांचे हात पुन्हा पुन्हा पाहिले. धाकटीबरोबर वाढल्यामुळे मला हात पाहण्याची सवय आहे, आणि हे हात गप्प बसलेले नाहीत. या सुमारास संत लॉरेन्सच्या दफनाचे आणखी एक रात्रचित्र त्याने केले. अंधारातून थोडासाच प्रकाश प्रेतावर आणि वाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर पडतो. हे त्याचे अखेरच्या काळातले काम.

१५७९ च्या आरंभी तो तोलेदोला गेला आणि निकोलास दे व्हेर्गारा या कलावंत मित्राच्या घरी खिळून पडला. मरणापूर्वी त्याने पापनिवेदन केले, तेही खुणांनी, आणि धर्मगुरूला ते शब्दांइतकेच स्पष्ट समजले. मग त्याने दौत आणि कागद मागवला आणि आपले मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिले. लहानसेच मृत्युपत्र. पण ज्या काळात मुक्याच्या मृत्युपत्राला कायदा मुळातच साशंक होता, त्या काळात ते हस्ताक्षर म्हणजे कोळशाने भाकर काढणाऱ्या मुलाने कायद्याच्या कागदावर उमटवलेली आपली माणूसपणाची सही होती. २८ मार्च १५७९ रोजी तो वारला. उरलेली चोवीस चित्रे आलोन्सो सांचेस कोएयो, दिएगो दे उर्बिना आणि लुईस दे कार्व्हाहाल यांच्याकडून पुरी करून घेण्यात आली. त्याच्यानंतर एस्कोरिअलसाठी एल ग्रेकोला एक चित्र सांगण्यात आले, पण ते राजाला रुचले नाही. इटलीहून आलेला त्सुकारोही त्याला पसंत पडला नाही. हा मुका जिवंत असताना त्याची खरी पारख झाली नाही असे राजा नंतर हळहळून म्हणे, अशी नोंद त्याच मठातला साधू-इतिहासकार होसे दे सिगुएन्सा याने केली आहे. नाटककार लोपे दे व्हेगा याने त्याच्यावर काव्य रचले. लोक त्याला स्पेनचा टिशियन म्हणू लागले. हे सारे तो गेल्यावर.

येथे एक गोष्ट नमूद करण्याचा मोह आवरत नाही. नाव्हारेते तोलेदोत अखेरचे दिवस मोजीत होता त्याच सुमारास इकडे फत्तेपूर सीक्रीत अकबराने काही तान्ही बालके एका एकान्त वाड्यात ठेवली होती. त्यांच्याशी कोणी एक शब्दही बोलायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. मूळची भाषा कोणती हे बादशहाला पाहायचे होते. काही वर्षांनी तो पाहायला गेला तेव्हा एकही मूल बोलत नव्हते. लोक त्या वाड्याला गुंग महाल, मुक्यांचा महाल, म्हणू लागले. १५८० मध्ये गोव्याहून याच बादशहाच्या दरबारी जेझुइट पाद्री गेले, तेव्हा फिलिपच्या आश्रयाने छापलेले बहुभाषी बायबल आणि मेरीची चित्रे त्यांनी बरोबर नेली. पुढच्या वर्षी पोर्तुगालचा मुकुट फिलिपकडे गेला आणि गोवा, वसई, चौल ही आपली किनारपट्टीची ठाणीही त्याच्या सत्तेखाली आली. एका दरबारात माणसांची मुले शब्दांवाचून मुकी झाली. दुसऱ्या दरबारात मुका माणूस शब्दांवाचून बोलता झाला. फरक कानांचा नव्हता. गुंग महालातल्या मुलांचे कान शाबूत होते, पण त्यांच्याशी कोणी कोणत्याच भाषेत बोलले नाही. नाव्हारेतेला एक साधू भेटला, ज्याने त्याच्या हाती कोळशाऐवजी कुंचला दिला.

त्याच्या कामाला धर्मप्रचार म्हणावे की कला, असा वाद कोणी घालू शकेल. पगार राजाचा, विषय चर्चचा, अटी कराराच्या. त्यात त्याचे स्वतःचे काय, असेही विचारता येईल. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला हेही विसरता येत नाही, की ज्या धर्मसत्तेसाठी त्याने चित्रे काढली तिने त्याच देशात भिन्न मतांच्या माणसांना जाळलेही होते. पण वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्या निरक्षर शेतकऱ्याला लॅटिनमधली प्रार्थना कानांनी ऐकूनही कळत नसे. त्याला कथा कळे ती भिंतीवरच्या चित्रांतून. म्हणजे त्या देवळात ऐकू येणारी माणसेसुद्धा एका न ऐकणाऱ्याच्या निरूपणावर विसंबून होती. श्रवणावाचून भक्तीच्या वाटेवर चालता येते, इतकेच नव्हे तर इतरांना त्या वाटेवर नेताही येते, हे त्याने वाद न घालता दाखवून दिले.

गेल्या माघ एकादशीला मी धाकटीला पुढे बसवले आणि तिच्या शेजारी बसून मला जेवढ्या खुणा येतात तेवढ्यांनी कथा सांगू लागले. मला फारशा येत नाहीत, हे त्या रात्री मला चांगलेच कळले. अर्ध्या कीर्तनातच तिने माझा हात खाली दाबला. मी मध्ये येत होते. ती बुवांच्या हातांकडे, चेहऱ्याकडे, त्यांच्या नाचत्या पावलांकडे पाहत होती आणि टाळकऱ्याच्या पायांखालची फळी जेथे थरथरत होती तेथे तिने आपला तळवा टेकला होता. तिला जे मिळत होते ते मला कळत नव्हते. गेली दोन वर्षे मी उलटेच समजत होते. आता शहरातल्या कर्णबधिर मुलांच्या शिक्षिकांकडे जाऊन मी खुणांची भाषा रीतसर शिकते आहे. धाकटीची समजूत वाढवायला नव्हे, तर माझी.

परवा ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकातले पवित्र कुटुंबाचे चित्र मी तिला दाखवले. कृष्णधवल छपाई, तीही पुसट. कोण आई, कोण बाळ हे मी खुणांनी सांगणार, तोच तिने खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले, पाठीची कमान केली, बोटांच्या नख्या केल्या आणि मांजर होऊन माझ्यावर धावून आली. मग आम्ही दोघी खूप हसलो. चित्रकाराचे नाव काय, असे तिने विचारले. एल मुदो असे मी लिहून दिले नाही. हुआन, एवढेच लिहिले.